आधी सुटली म्हण

रविवार, १० मे
तळेगाव, संध्याकाळी सात

सोनाली,

सप्रेम जयभीम. आप्पांची पत्रं अशीच सुरू व्हायची, मग खाली कितीही खरडपट्टी असो. मला खरडपट्टी काढायची नाही. तुला काढायची असेल. आज पाच वाजता अवनीला वारज्यात तुझ्या आईबाबांच्या सोसायटीच्या गेटवर आणून सोडायचं, असं कोर्टाच्या कागदावर स्वच्छ लिहिलंय. आता सात वाजून गेलेत आणि मी तळेगाव स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये बसून तिच्या चित्रकलेच्या वहीची पानं फाडून तुला लिहितोय.

सगळ्यात आधी हे वाच. ती बरी आहे. वरणभात जेवली, दोन पापड खाल्ले, आत्ता पलंगावर उताणी पडून टीव्ही बघतेय.

फोन बंद ठेवलाय. हे पत्र पेटीत टाकेन की नाही तेही ठाऊक नाही, कारण शिक्क्यावर गावाचं नाव उमटतं. वर मीच गावाचं नाव लिहिलंय आणि शिक्क्याला घाबरतोय. अक्कल बघ.

कारण सांगतो. कोर्टाने मला सुट्टीतले आठ दिवस दिले होते. त्यातल्या पाचव्या दिवशी डोसा खाता खाता अवनी म्हणाली, "बाबा, म्युनिकला जूनमध्येपण स्वेटर लागतो?" तुझ्या कंपनीने तुला तीन वर्षं पाठवायचं ठरवलं, तू हो म्हणालीस, तिची तिकडची शाळा बघून झाली, आणि बापाला स्वेटरवरून कळलं. छान.

तीन वर्षांनी ती बारा वर्षांची होईल. बारा वर्षांची मुलगी बापाशी व्हिडिओवर किती वेळ बोलते? दोन मिनिटं. तेही आईने हातात फोन कोंबला तर. मग वाढदिवसाला. मग तेही नाही. सोनाली, मला भीती वाटते. वकिलाच्या भाषेत नाही सांगता येत, म्हणून सरळ लिहितो. रविवारचे पाच जसजसे जवळ यायला लागले तसतशी मला धाप लागायला लागली. वारज्याच्या बसऐवजी तिला घेऊन लोकलमध्ये बसलो आणि इथे उतरलो.

मी तिला पळवलेलं नाही. पळवणारा माणूस लॉजच्या रजिस्टरमध्ये खरं नाव लिहून वर आधारकार्डाची झेरॉक्स देतो का? मॅनेजर बद्रीनाथ नावाचा भला माणूस आहे. त्याने विचारलं, "आणि मॅडम?" मी म्हटलं, "येतायत परवा." तेव्हापासून तो जिन्यात भेटला की विचारतो, मॅडम कधी येणार.

मांजरी भागातल्या माझ्या फ्लॅटवर तू पहिल्यांदा माणूस पाठवशील, म्हणून तिथे राहिलो नाही. गाडीही तिथेच ठेवलीय, नंबर तुझ्या बाबांना पाठ आहे. अवनीला सांगितलंय की सुट्टी दोन दिवस वाढली. रोज सकाळी लोकलने पुण्यात जायचं, फिरायचं, संध्याकाळी परत. जन्मापासून पुण्यात राहणारी पोरगी लॉजवर राहून पुणं बघायला जाणार. तिला हे जाम आवडलंय.

आता तू म्हणशील, पुन्हा तेच. पुन्हा माझ्या मुलीला खोट्यात ओढलंस. तीन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली, मी चार महिने डबा घेऊन घरातून निघत होतो, आणि सहा वर्षांच्या अवनीला ते ठाऊक होतं पण तुला नव्हतं. तू त्यावरूनच घर सोडलंस. मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आताही सांगतो, मी तिला काही सांगितलं नव्हतं. पोरीला आपोआप कळलं होतं. किती वेळा तेच तेच सांगायचं माणसाने?

अनिरुद्ध


सोमवार, ११ मे
शिवाजीनगर स्टेशन, दुपारी

सोनाली,

दुपारची लोकल बराच वेळ नाही, म्हणून बाकावर बसून लिहितोय. अवनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलीय. तिच्या डोक्यावर नवी टोपी आहे. टोपी का, ते सांगतो.

सकाळ फार चांगली गेली. एका फेरीत तिने स्टेशनं पाठ केली. तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर. एका दमात. तुझ्यावर गेलीय, मला पाढे सातवीपर्यंत आले नव्हते. देहूरोडला मी तिला दाखवलं, तुझे आजोबा इथून सायकलवर डेपोत कामाला जायचे. ती म्हणाली, "रोज? घाबरायचे नाहीत ट्रकना?" म्हटलं, आप्पा कशालाच घाबरायचे नाहीत. खरंच आहे ते. त्यांच्यानंतर ती जागा रिकामीच आहे.

तळेगावच्या फलाटावर एक इंदुबाई भेटल्या. दापोडीला चार घरी पोळ्या करायला जातात. अवनीला गर्दीत माझ्या शर्टाला लटकलेली बघून म्हणाल्या, "अवो, पोरीला लेडीजमधी द्या की. तिकडं बसायला जागा हाय. तुमच्यात चेंगरंल ना ती." अवनीने लगेच माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. पूर्ण प्रवासभर तोंड फुगवून होती.

शिवाजीनगरला उतरून आम्ही पाताळेश्वरला गेलो. आत गारवा होता. ती खांब मोजत होती. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "अय्या, अवनी ना तू?" तिच्या वर्गातल्या कुणाची तरी आई. गावाकडच्या पाहुण्यांना लेणं दाखवायला आली होती. मी हसलो. "सुट्टी आहे ना, फिरतोय." तीही हसली. म्हणाली, "सांगते हं सोनालीला, भेटलात म्हणून."

म्हणजे आत्तापर्यंत तुला कळलं असेल की आम्ही पुण्यात आहोत. त्यानंतर मी टोपी घेतली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला आज समजलं. सकाळपासून खाकी रंग दिसला की मी रस्ता ओलांडतो. एक होता पोस्टमन, दुसरा एटीएमबाहेरचा वॉचमन. तिसरा खरा पोलीस होता, तो उसाचा रस पीत होता. टीसीने तिकीट मागितलं तर मी त्याच्या हातात आधारकार्ड ठेवलं, तेव्हा तो म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का? बसा." मी बेचाळीस वर्षांचा आहे. काका!

अवनीला मी फक्त एवढंच सांगितलंय की कुणी विचारलं तर जास्त बोलायचं नाही. बास. लहान मुलांना आपण एरवीही हेच सांगतो, अनोळखी माणसांशी बोलू नये म्हणून. त्यात वावगं काही नाही.

ती झोपेत तुझं नाव घेत नाही, हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहिणार होतो. पण खरं सांगतो, घेते.

अनिरुद्ध


मंगळवार, १२ मे
तळेगाव, संध्याकाळ

सोनाली,

आज विशेष काही नाही. गर्दी होती. कुठे फिरलो नाही, लवकर परत आलो. अवनी दमून बुटांसकट झोपली.

इंदुबाईंच्या ओळखीने आज तिला लेडीजमध्ये बसवलं होतं. मजा आली म्हणाली.

उद्याचं उद्या बघू.

अ.


बुधवार, १३ मे
तळेगाव, सकाळी साडेनऊ

सोनाली,

पंधरा मिनिटांपूर्वी तू अवनीचा फोन उचललास. तिने पहिलं वाक्य काय म्हटलं? "आई, तू बरी आहेस ना? तुला काही झालं नाही ना?" तू म्हणालीस, "मला काय होणार, तू कुठे आहेस?" मग ती रडली आणि तूही, आणि मग तिने लॉजचं नाव वाचून दाखवलं. तू निघालीस. वारज्याहून इथे यायला तुला तास तरी लागेल. ती असं का विचारत होती, ते तोंडाने सांगायची माझ्यात हिंमत नाही. तू येईपर्यंत लिहून काढतो.

कालचं पत्र खोटं आहे. गर्दी होती एवढंच त्यातलं खरं.

काल सकाळी तिने हट्ट धरला म्हणून मी तिला इंदुबाईंबरोबर लेडीज डब्यात चढवलं. सांगितलं, मावशी दापोडीला उतरतील, नंतर दोन स्टेशनं, शिवाजीनगरला उतरायचं, मी दारात उभा असेन. ती म्हणाली, "माहितीये रे बाबा, मला पाठ आहेत." मी शेजारच्या डब्यात होतो. खडकीला माझ्या डब्यात दोन पोलीस चढले.

मी उतरलो, सोनाली. विचार केला नाही. पाय आपोआप खाली गेले. वाटलं, पळत जाऊन मागच्या डब्यात चढू. गाडी सुटली. दारात उभ्या असलेल्या त्या दोन पोलिसांपैकी एक वडापाव खात होता. त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते नुसते कामावर चालले होते. आणि माझी मुलगी गाडीत होती, एकटी, आणि गाडी समोरून निघून गेली.

रिक्षाने शिवाजीनगरला पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. फलाटावर ती नव्हती. बाकांवर नव्हती. पुलावर नव्हती, बायकांच्या वेटिंग रूममध्ये नव्हती, बाहेर रिक्षावाल्यांना विचारलं, त्यांनीही पाहिलेली नव्हती. पुणे स्टेशनपर्यंत गेली असेल का, कुणाबरोबर गेली असेल का, काय काय मनात आलं ते लिहीत नाही. कुणी ऐकेल म्हणून तिचं नावही मोठ्याने घेतलं नाही.

आणि आता हे लिहितो. रेल्वे पोलिसांची चौकी मला दिसत होती. समोरच होती. हरवलेलं पोर लोक तिथेच नेतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी चौकीसमोरून सहा वेळा गेलो आणि आत गेलो नाही. आत गेलो तर नाव सांगावं लागेल, नाव सांगितलं तर तुझी तक्रार निघेल, मला धरतील, आणि मग ती मला कधीच मिळणार नाही. असा हिशेब करत मी पाऊण तास स्टेशनाला फेऱ्या मारल्या. मुलगी आत आहे की नाही हे ठाऊक नसताना.

शेवटी गेलो. ती तिथेच होती. खुर्चीवर ताठ बसली होती, मांडीवर बिस्किटांचा पुडा, न फोडलेला. एक बाई शिपाई तिच्याशेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या, फार मायेने बोलत होत्या. मला म्हणाल्या, "अहो, तासभर विचारतेय. नाव तेवढं सांगितलं, अवनी. आडनाव नाही, पत्ता नाही. आईचा नंबर विचारला तर म्हणते, मला पाठ नाही."

सोनाली, तुझा नंबर तिला बालवाडीपासून पाठ आहे. तू तो गाण्यासारखा शिकवला होतास.

त्या बाईंनी माझं आधार पाहिलं, तिला दोनदा विचारलं हे कोण, माझ्याकडून लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, "आईचा नंबर द्या, कळवते." मी म्हटलं, "आई जर्मनीला असते." इतक्या सहज तोंडातून आलं. जे होऊ नये म्हणून हा सगळा उपद्व्याप, तेच मी स्वतःच्या तोंडाने खरं करून टाकलं. त्यांनी अवनीकडे पाहिलं. अवनीने माझ्याकडे पाहिलं. आणि मान डोलावली.

परत येताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, मी बरोबर केलं ना?" मी म्हणालो, "शाब्बास." हे तुला कधीच सांगणार नव्हतो.

आता मुख्य गोष्ट. पाताळेश्वरला ती बाई भेटल्यावर मी अवनीला बाहेर झाडाखाली नेऊन सांगितलं, आपण कुठे राहतो, आई कोण, आईचा नंबर, काही कुणाला सांगायचं नाही. घाल शपथ. ती म्हणाली, कुणाची? मी म्हणालो, आईची. तिने गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली.

आप्पांनी आयुष्यभर घरात नवस येऊ दिला नाही, अंगारा येऊ दिला नाही. कुणी शपथ घातली तर म्हणायचे, खरं बोलणाऱ्याला शपथ कशाला लागते रे? त्यांच्या मुलाने त्यांच्या नातीला आईची शपथ घातली. आणि ही पहिली नव्हे. तीन वर्षांपूर्वीही मीच घातली होती. तिला आपोआप काही कळलं नव्हतं. एका दुपारी तिची शाळा लवकर सुटली, मी घरी सापडलो, डबा उघडून जेवत होतो. तेव्हा तिला मांडीवर घेऊन म्हणालो, आईला सांगू नकोस, आईची शपथ. सहा वर्षांची होती. तू तेव्हा माझ्यावर जे जे आरोप केलेस त्यातला हाच एक मी नाकबूल केला, आणि हाच सगळ्यात खरा होता.

आज सकाळी उठलो तर तिची चादर ओली होती. नऊ वर्षांची आहे ती, सोनाली. कोपऱ्यात उभी राहून चादरीची घडी घालत होती. मला म्हणाली, "हे पण आईला सांगायचं नाही, हो ना?"

मग हळूच म्हणाली, "बाबा, मी त्या पोलीस काकूंना नाव सांगितलं. नुसतं नाव सांगितलं तर शपथ मोडते का?" रात्रभर पोरगी तुला काही होईल म्हणून घाबरलेली. आणि मी शेजारच्या पलंगावर मला काही होईल म्हणून घाबरलेलो. एकाच खोलीत.

तुला घाबरवायचं हा कधीच माझा हेतू नव्हता, असं मी वकिलाला सांगितलं असतं. पण भीती मला झेपत नाही, आणि झेपली नाही की ती मी सगळ्यात लहान माणसाच्या हातात देतो. आधी नोकरीची दिली. आता ही.

मी फोन चालू करून तिच्यापुढे धरला. म्हटलं, आईला लाव. तिने हात मागे घेतला. म्हणाली, "आधी सुटली म्हण."

मला कळेना. तिने समजावलं, जसं मी ढ आहे. ज्याने शपथ घातली त्यानेच सुटली म्हटलं तर ती सुटते, नाहीतर नाही. शाळेत सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणालो, "सुटली." ती म्हणाली, "मागचीपण." तीन वर्षांपूर्वीची. ती अजून तिच्या अंगावरच होती. घर मोडलं, कोर्ट झालं, तुला सगळं कळून चुकलं, तरी ती मात्र कुणी सोडवली नव्हती. मी म्हणालो, "मागचीपण सुटली. सगळ्या सुटल्या." मग तिने नंबर दाबला. न अडखळता, दहाच्या दहा आकडे.

आत्ता ती खिडकीत उभी आहे. मध्येच वहीत काहीतरी लिहिते. विचारलं काय, तर म्हणाली, आईला सांगायच्या गोष्टी. पहिली गोष्ट, सर्दी असताना खाल्लेलं आइस्क्रीम. चार वर्षांची असतानाचं. तेही मीच म्हणालो होतो, आईला सांगू नकोस. यादी बरीच मोठी होणार आहे, तयारी ठेव.

पोलीस घेऊन येत असशील तर ये. मी कुठे जात नाही. दाराची कडीही काढून ठेवलीय. जर्मनीच्या कागदांवर माझी सही लागत असेल तर तेही आण. घाबरत करेन, पण करेन. कोर्टाला काय सांगायचं ते तू सांग, मी नाही म्हणणार नाही. एवढंच बघ की स्वेटर तिने मला विचारून घेतला तर चालेल का. रंग तरी.

ती आत्ता येऊन विचारून गेली, "बाबा, तुझ्यावर कुणाची शपथ आहे का?" म्हटलं, नाही. म्हणाली, "मग तूपण सांग आईला सगळं." म्हटलं, तेच लिहितोय. तिने पानं मोजली आणि म्हणाली, एवढं?

खालून बद्रीनाथची हाक आली. "साहेब, मॅडम आल्या हो!" कोण आनंद झालाय त्याला. अवनी जिन्यात पोचलीसुद्धा, पायात चप्पल नाही. हे तिच्या दप्तरात ठेवतोय, चारही पत्रं एकत्र. ओली चादर बादलीत आहे. तिला त्यावरून काही बोलू नकोस, ती चादर खरं तर माझी आहे.

अनिरुद्ध